‘बिकॉज’च्या पुढचा ‘आय’

मॅट्रिकला मी इंग्रजीत नापास झाले तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. तिथून मॅट्रिकला बसलेली मी पहिलीच मुलगी. बसली, हेच लोकांना पुष्कळ वाटत होतं. वाईट वाटलं ते बाबांना. ते यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. हंगामात घरी यायचे तेव्हा भुवयांना, मिशांना कापसाची लव चिकटलेली असायची. छप्पन्न सालच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या दोन गोष्टी त्यांनी ठरवून टाकल्या. घरातला देव्हारा हलवायचा, आणि मुलीचं लग्न मॅट्रिकच्या आधी काढायचं नाही. पहिल्या गोष्टीला माय थोडी रडली. दुसरीला मात्र तिनं लगेच मान डोलावली.

निकाल कळला त्या दिवशी बाबा कामावरून आले, जेवले. जेवण झाल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले, "पुन्हा बसू." मी रात्रभर त्या ‘बसू’वर विचार करत राहिले. बसायचं मला होतं, पण ते स्वतःला धरून बोलले होते.

माझं घोडं कुठे अडलं ते मला ठाऊक होतं. वाक्यं जोडण्याचा प्रश्न. शाळेत आमच्याकडून दोन याद्या पाठ करून घेतल्या होत्या. एक जोडणाऱ्या शब्दांची: अँड, बट, बिकॉज, व्हेन, इफ, दो. दुसरी सर्वनामांची: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. दोन्ही याद्या मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवल्या असत्या. पण त्या याद्यांचा एकमेकींशी काही संबंध असतो, एका यादीतला शब्द आला की दुसऱ्या यादीतला त्याच्यामागून यावा लागतो, हे कधी माझ्या कानावर पडलंच नव्हतं. पेपरात मी लिहून आले होते, ‘आय डिड नॉट गो टू स्कूल बिकॉज वॉज इल.’ मला त्यात काही चूक दिसत नव्हती. आजारी होते म्हणून शाळेत गेले नाही. मराठीत असंच म्हणतात. त्यात ‘मी’ कुठे आहे?

त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी सिस्टरबाई राहायला आल्या.

गावात बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. आता त्याची इमारतही उरलेली नाही. तिथे केरळहून एक नर्स नोकरीला आली होती. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त असेल. तिला गावात खोली मिळेना. एकटी बाई, ख्रिस्ती, मासळी खाणारी, रात्रीच्या ड्युटीवरून पहाटे परत येणारी. ज्या घरी विचारावं तिथे काही ना काही कारण निघे. दवाखान्यातली आया आमच्या मोहल्ल्यातली होती. तिनं मायजवळ गोष्ट काढली. आमच्या घरी दोन खोल्या आणि पुढे टिनाची छपरी, एवढाच पसारा. मायनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, खोली नाकारल्यावर माणसाला काय वाटतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. मागची खोली त्यांना देऊ, आपण पुढच्या खोलीत भागवू.

अशा त्या आल्या. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक स्टोव्ह. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. आम्हाला मल्याळम कुठून येणार? माय सोयीनं वऱ्हाडीत बोलायची आणि समोरच्याला समजलं नाही की तेच जरा मोठ्यानं बोलायची. राहिली इंग्रजी, आणि ती येणारी घरात एकटी मी, तीही नापास.

पहिले काही दिवस मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. मग एका दुपारी त्यांच्या खोलीतलं रॉकेल संपलं आणि त्या आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मायनं चुलीवर जागा करून दिली. त्यांनी भात टाकला. माय ज्वारी निवडत होती, मी शेजारी बसले होते. सिस्टरबाईंनी मला इंग्रजीत विचारलं की तुझी आई रोज काय काय करते. मी सांगितलं. माझं उत्तर आजही आठवतं, कारण पुढे त्या अनेकदा हसून त्याची नक्कल करायच्या. ‘माय मदर गेट्स अप. माय मदर फेचेस वॉटर. माय मदर मेक्स भाकर. माय मदर गोज टू मार्केट.’

त्यांनी ऐकून घेतलं. मग मायकडे पाहत हळूहळू म्हणाल्या, ‘शी गेट्स अप अँड फेचेस वॉटर, अँड व्हेन शी हॅज मेड भाकर, शी गोज टू मार्केट.’ तेच सगळं होतं, पण माझ्या वाक्यांत माय उठते तेव्हा एक बाई, पाणी आणते तेव्हा दुसरी, असं वाटत होतं. त्यांच्या वाक्यात ती सकाळपासून दुपारपर्यंत एकच बाई होती.

तिथून शिकवणी सुरू झाली. तिला ठरलेली वेळ नव्हती, वही नव्हती. त्या ड्युटीवरून आल्या की चुलीपाशी, न्हाणीपाशी, वाळवण उचलताना, जे समोर दिसेल त्यावर दोन वाक्यं टाकायच्या आणि मी ती जोडायची. दूध स्टोव्हवर आहे. दूध उतू चाललं आहे. शेजारीण आली. शेजारणीला विळा हवा आहे. मी चुकले तरी रागावत नसत. फक्त दोन बोटं जुळवून दाखवत, म्हणजे इथे सांधा सुटला आहे.

माझ्या परीक्षेतल्या वाक्याचं कोडं त्यांनीच उलगडलं. मी त्यांना विचारलं की ‘अँड’नंतर तुम्ही कधी ‘शी’ म्हणता, कधी गाळता, मग ‘बिकॉज’नंतर मी गाळलं तर काय बिघडलं? त्यांनाही नियम पाठ नव्हता. त्या थोडा वेळ भात ढवळत राहिल्या, स्वतःशीच वाक्यं पुटपुटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अँड’ आणि ‘बट’ ही मोठ्या मनाची माणसं आहेत, एकदा नाव सांगितलं की त्यांना पुरतं. ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’ यांना मात्र दर वेळी नव्यानं सांगावं लागतं की बोलतं आहे कोण. तेव्हा मला उमगलं, मराठीत ‘मी गेले’ म्हटलं की बाई आहे हे कळतं, ‘गेलो’ म्हटलं की पुरुष. इंग्रजीत ‘वेंट’ म्हटलं तर म्हातारा गेला, मुलगी गेली की गाय गेली, कशाचाच पत्ता नाही. म्हणून तिथे ‘बिकॉज’च्या पुढे ‘आय’ उभा करावाच लागतो. मला हे इतकं पटलं की मी त्या दिवशी घरभर ‘बिकॉज आय’, ‘बिकॉज ही’, ‘बिकॉज दे’ करत फिरले आणि मायनं वैतागून मला पाण्याला पिटाळलं.

माझी दुसरी खोड मोडायला जास्त दिवस लागले. बाटली ती, म्हणून मी बाटलीला ‘शी’ म्हणायचे. दगड तो, म्हणून दगडाला ‘ही’. ‘द बॉटल फेल अँड शी ब्रोक’ असं मी म्हणाले तेव्हा सिस्टरबाई धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, कोणी बाई पडली. तिकडे त्यांचंही मराठी असंच चालू होतं. ‘भाकर झाला’, ‘वरण आली’. माय त्यांना दुरुस्त करायची आणि मी मायचं म्हणणं त्यांना समजावून सांगायची. समजावून सांगता सांगता माझं इंग्रजी वळत गेलं, हे मला फार नंतर कळलं.

माय सगळं ऐकत असायची. एकदा सिस्टरबाई तिच्याशी काहीतरी बोलून आत गेल्या आणि मायनं मला विचारलं, "ते मले ‘यू’ म्हनते, म्हन्जे ‘तू’ का ‘तुम्ही’?"

मी म्हटलं, इंग्रजीत एकच शब्द आहे, लहानालाही तोच आणि थोरालाही तोच.

मायनं सूप बाजूला ठेवलं. बाजारात तिला सगळे ‘ए बाई, घे ना तू’ म्हणणारे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग मले तं ‘तुम्ही’च आयकू येते."

तिला आणखी एक गोष्ट आवडली होती. मी म्हणत असे, ‘आय अँड माय मदर.’ सिस्टरबाईंनी ते उलटं करायला लावलं. आधी मदर, मग आय. आपण स्वतः शेवटी. मी मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, भाषा चांगली दिसते. पण ‘गिव्ह मी’ ऐकलं तेव्हा तिला तीच भाषा चक्रम वाटली. "तोंडानं ‘मी’ म्हनाचं अन् समजाचं ‘मले’?" असं म्हणून ती हसत सुटली. मी तिला सांगत होते की ‘सिस्टरबाई अँड आय’ काही करत असलो तर ‘आय’, आणि कोणी आम्हाला काही देत असलं तर ‘सिस्टरबाई अँड मी’. ती म्हणाली की आपल्याकडेही ‘मी’ जाते आणि कोणी ‘मले’ देते, त्यात नवल काय? नवल नव्हतंच. ते ऐकल्यापासून मी त्या दोघांत पुन्हा कधी गोंधळले नाही.

रात्री बाबा आले की जेवताना विचारायचे, आज काय जोडलं? मी वाक्य म्हणून दाखवायची. त्यांना ते समजत नसे. पण वाक्य लांब असलं की ते खूश व्हायचे, आणि छोटं असलं तर म्हणायचे, आज काम कमी झालं वाटते.

सगळ्यांत उशिरा माझ्या डोक्यात शिरला तो ‘हू’. प्रश्न विचारायचा ‘हू’ मला येत होता. पण हा दुसरा ‘हू’ एकटाच दोघांचं काम करतो, जोडतोही आणि माणसाच्या जागी उभाही राहतो, हे काही केल्या गळी उतरेना. सिस्टरबाई म्हणायच्या, शेजारीण आली, तिला विळा हवा आहे. मी म्हणायची, ‘द नेबर केम अँड शी वॉन्ट्स.’ त्या म्हणायच्या बरोबर आहे, पण ‘अँड’ आणि ‘शी’ दोघांना काढ आणि ‘हू’ घाल. मी ‘हू’ घालायची आणि ‘शी’ तशीच ठेवायची. ‘द नेबर हू शी वॉन्ट्स.’ दोन बोटं पुन्हा पुन्हा जुळायची. शेवटी त्या म्हणाल्या, जाऊ दे, एक दिवस तुला गरज पडेल तेव्हा येईल.

तो दिवस पावसाळा संपून कापूस फुटायला लागला त्या सुमाराला आला. सिस्टरबाईंची दिवसाची ड्युटी असली की मी दुपारी त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात जात असे. त्या दिवशी गेले तर ओसरीत गर्दी होती. नेरकडच्या एका खेड्यातून बैलगाडी आली होती. बाकावर एक तरुण बाई निपचित पडली होती. पोटावरून कळत होतं की दिवस भरत आलेत. तिच्या पायाशी खाली एक थोराड बाई बसली होती. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, एक हात बाकावरच्या बाईच्या पायावर. आणि दाराजवळ एक म्हातारे गृहस्थ, हातात बैल हाकायचं तुतारं तसंच.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बंगालकडच्या. त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं. मराठी जाणणारी दुसरी नर्स रजेवर होती आणि आया औषधं आणायला गेली होती. सिस्टरबाईंनी हिंदीत म्हाताऱ्यांना विचारून घेतलं होतं. म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं की गुडघ्याला चोळायचं औषध कोनाड्यात होतं, ते सुनेनं खोकल्याचं समजून प्यायलं, आणि सून पडली. पडलेली तर समोरच होती. बसलेली बाई तिची आई असावी असं सगळ्यांनी धरलं होतं. पोट धुवायची रबरी नळी आणून ठेवली होती आणि डॉक्टरीणबाई पडलेल्या बाईच्या पोटाकडे पाहून फार काळजीत होत्या. तशा अवस्थेत नळी घालणं साधी गोष्ट नव्हती.

मी डबा खाली ठेवला. बसलेली बाई पुटपुटत होती. कोणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं, कारण तिचं बोलणं कोणाला समजत नव्हतं. ती म्हणत होती, "मी बरी हाय. तिले पाहा अगुदर. तिचे दिवस भरले."

मला तिच्या ‘मी बरी हाय’चा अर्थ लागेना. आई असती तर असं कशाला म्हणाली असती? मी म्हाताऱ्यांजवळ गेले आणि विचारलं, ही बसलेली बाई कोण? ते म्हणाले, सून. मी विचारलं, आणि ती? ते म्हणाले, तेही सूनच.

"मंग बाबाजी, औषध कोनत्या सुनेनं पेलं?"

"थोरलीनं," ते म्हणाले. "तिनं पेलं, तं लहानी भेवानं पडली."

मी वळले आणि डॉक्टरीणबाईंना सांगू लागले. तोंडातून काय निघालं तर, ‘शी ड्रँक. शी फेल. शी नॉट ड्रँक.’ डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाकाकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीनं मी त्यांना ठाऊक असलेलंच सांगत होते, आणि तेही धड नाही. शी म्हणजे कोण, हे मला ठाऊक होतं, पण माझ्या वाक्यात ते नव्हतंच. दोन बायका होत्या आणि दोघींनाही एकच शब्द.

सिस्टरबाईंनी माझा खांदा धरला. त्या म्हणाल्या, "स्लोली. विच वुमन?"

आणि मग ते आलं. मी बोट दाखवलं नाही, वाक्य म्हटलं. ‘द वुमन हू इज सिटिंग ड्रँक इट. द वुमन हू फेल डिड नॉट ड्रिंक एनीथिंग. शी फेल बिकॉज शी वॉज फ्रायटन्ड.’

डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य स्वतः एकदा म्हणून मला विचारलं, खात्री आहे? मी म्हाताऱ्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली. डॉक्टरीणबाई बाकाजवळून खाली बसलेल्या बाईजवळ गेल्या, तिचा पदर सारला. तिचे डोळे जड झाले होते आणि तोंडाला त्या चोळायच्या औषधाचा उग्र वास येत होता. पुढचं सगळं तिच्यावर झालं. मला आत थांबायला सांगितलं होतं, कारण तिला काय होतंय ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. नळी घालतानासुद्धा ती हातानं खुणा करत होती की लहानीकडे पाहा. लहानी तोवर तोंडावर पाणी मारल्यावर उठून बसली होती आणि जावेसाठी रडत होती.

संध्याकाळपर्यंत थोरली बोलू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वेळेवर कळलं म्हणून बरं झालं, नाहीतर सगळा वेळ भलतीवर गेला असता. सिस्टरबाईंनी डबा उघडला तो दिवे लागताना. जेवता जेवता मला म्हणाल्या, ‘हू’ आला. एवढंच. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

पुढे काही आठवड्यांनी ते म्हातारे आणि थोरली सून आमच्या मोहल्ल्यात गाडी घेऊन आले. लहानीला मुलगी झाली होती. गाडीत तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं होतं. म्हातारे गाडीपाशीच उभे राहिले. मायनं पाणी विचारलं तर आताच पिऊन निघालो म्हणाले. आमच्या मोहल्ल्यात कोण राहतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, आणि आम्हालाही. थोरली मात्र गाडीतून उतरली, सरळ छपरीत येऊन मायजवळ बसली, पाण्याचा गडू दोन्ही हातांनी घेतला आणि रिकामा करून पुन्हा पुढे केला. "आनखी द्या," म्हणाली. मायनं दिलं. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. कशाबद्दल ते मला आठवत नाही, मी शेंगा सोलत होते. एवढं आठवतं की जाताना म्हाताऱ्यांनी बाबांना हात जोडून नमस्कार केला आणि बाबांनीही केला.

मी पुन्हा मॅट्रिकला बसले. पेपरात वाक्यं जोडण्याचा प्रश्न आला तेव्हा मला भीती वाटली नाही. एक वाक्य होतं त्यात कोणी माणूस नदीकाठी भेटतो आणि तो आंधळा असतो. मी ‘हू’ घातला, ‘ही’ काढला, आणि क्षणभर मला दवाखान्यातली ओसरी दिसली. पास झाले. फार मार्क नव्हते, पण पास झाले. बाबांनी जिनिंगमधल्या सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून बाबांना बोलावून घेतलं आणि या मुलीला नागपूरला नर्सिंग शिकायला पाठवा म्हणून सांगितलं. दुभाषी मीच होते. स्वतःबद्दल दुसऱ्यानं म्हटलेलं चांगलं आपल्याच तोंडानं बापाला सांगायचं, ही मोठी पंचाईत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ‘शी इज केअरफुल’, तर मी बाबांना म्हटलं, त्या म्हणतात पोरगी सांभाळून काम करते. बाबांनी विचारलं, कोणती पोरगी? मी म्हटलं, मी. तेव्हा ते हसले. घरी येईपर्यंत त्यांनी होकार दिला होता. माय म्हणाली, सिस्टरबाई एवढ्या दुरून आल्या, आपली पोरगी तर नागपूरलाच चालली.

नागपूरच्या मुलाखतीत मला विचारलं की नर्स का व्हायचं आहे. मी ‘बिकॉज’नं सुरुवात केली आणि पुढे ‘आय’ म्हटलं. बाकी काय बोलले ते विसरले आहे.

माझं शिक्षण चालू असतानाच सिस्टरबाईंची आई तिकडे आजारी पडली आणि त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं. मी रजा काढून आले. एस. टी. स्टँडवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. धामणगावला जाऊन त्यांना रेल्वे धरायची होती. मायनं ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. या काही वर्षांत सिस्टरबाई वऱ्हाडी बोलू लागल्या होत्या, आणि आता भाकर ‘झाली’ म्हणत होत्या.

मी त्यांचे आभार मानायला लागले. तयार करून आणलेलं वाक्य होतं, लांबलचक. त्यांनी मला मधेच थांबवलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, की मी इथे आले तेव्हा कितीतरी दिवस माझ्याशी कामाशिवाय कोणी एक शब्द बोललं नव्हतं. रोज रात्री वाटायचं, पेटी उचलावी आणि परत जावं. तुला शिकवते असं म्हणून मी तुमच्या चुलीपाशी येऊन बसायची. मला बसायला जागा हवी होती. मग मायकडे वळून वऱ्हाडीत म्हणाल्या, "तुमी मले घर देल्लं."

मायनं त्यांना जवळ घेतलं. बाबांनी पेटी वर टपावर चढवली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली.

त्यांची पत्रं काही वर्षं येत राहिली. त्यांचं लग्न झालं, मुलं झाली. नंतर पत्ता बदलला असेल, किंवा माझ्या बदल्यांमध्ये एखादं पत्र हरवलं असेल. धागा तुटला तो तुटलाच.

माझी पहिली मोठी नेमणूक ढाणकीला झाली. बाजाराचं गाव. बाजाराच्या दिवशी चहूकडच्या खेड्यांतल्या बाया दवाखान्यात यायच्या, कोणी वऱ्हाडी बोलणारी, कोणी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची गोरबोली बोलणारी. कोणी म्हणाली की तिला दुखते, तर मी आधी विचारायची, तिला म्हणजे कोणाला? डॉक्टर हसायचे. पण मी विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

तिथे माझ्या खोलीशेजारी एका किराणा दुकानदाराच्या दोन मुली राहत. संध्याकाळी त्या इंग्रजीची पुस्तकं घेऊन यायच्या. मी पुस्तक मिटायला लावायची आणि त्यांना चहा करायला सांगायची. चहा स्टोव्हवर आहे. चहा उकळतो आहे. जोडा. धाकटीनं एकदा मला विचारलं, ‘इट इज रेनिंग’मधला हा ‘इट’ कोण? पाऊस म्हणावं तर ‘रेनिंग’मध्ये पाऊस आहेच, मग हा दुसरा कुठून आला? मी खूप विचार केला. खरंच ठाऊक नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की ज्यांनी मला शिकवलं त्यासुद्धा असं अडलं की भात ढवळत बसायच्या. मग थोरलीनं चहा गाळला आणि आम्ही तिघी दारात बसून प्यायलो.